त्रिंकोमालीच्या टाक्या आणि आपली फौज

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये रात्रीच्या बातम्या लागल्या की दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आपण पण अमेरिकेसारखं बाहेर जाऊन ठोकलं पाहिजे, किती दिवस सहन करायचं?" दुसरी म्हणते, "दुसऱ्यांच्या भानगडीत आपल्याला काय करायचंय?" गंमत म्हणजे दोघांच्या तोंडी शब्द एकच असतो : देशाची सुरक्षा. मेसची वेळ संपत आली की वाद तिथेच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट वाचून काढू आणि मॅगझिनच्या मराठी विभागात लिहू. (मराठीत लिहिण्याबद्दल रूममेट्सनी माझी यथेच्छ टर उडवली आहे. कॉन्व्हेंटची पोरं ऱ्हस्व-दीर्घाला घाबरतात, हे खरंच आहे. चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात!)

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत 'नॅशनल इंटरेस्ट' म्हणतात, मराठीत 'राष्ट्रहित'. इंग्रजीत इंटरेस्ट म्हणजे व्याजसुद्धा, आणि मला तोच अर्थ इथे जास्त उपयोगी वाटतो. कारण व्याज म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, मुद्दल किती घातलं? परदेशात फौज पाठवली की मुद्दल म्हणजे माणसं. मग जी गोष्ट मिळवायला गेलो ती मिळाली का, आणि ती फौजेमुळेच मिळाली का, हे तपासायला नको? आपण लॅबमध्ये दहा रुपयांचा रेझिस्टर जळला तरी कारण लिहून देतो.

ठाण्यात राहणाऱ्यांना सोपं उदाहरण रोज दिसतं. मध्यवर्ती कारागृहाची ती जुनी तटबंदी म्हणजे पोर्तुगिजांचा किल्ला. बांधकाम पूर्ण व्हायच्या आतच, १७३७ च्या मार्चमध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि १७३९ मध्ये वसई पडली. ठाण्याची खाडी, साष्टी, वसई... शत्रू अक्षरशः दारात बसलेला. इथे सुरक्षा कशात आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. प्रश्न अवघड होतो तो समुद्र ओलांडल्यावर.

आणि समुद्र ओलांडून लढायला आपली माणसं फार पूर्वीपासून गेलेली आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी (पुणे) डिव्हिजन मुंबईहून बोटीने बसऱ्याला गेली. कशासाठी? इराणच्या आखाताच्या टोकाशी आबादानला इंग्रजांची तेल रिफायनरी होती, ती सांभाळायला. बसरा मिळालं, तेल सुरक्षित झालं. काम संपलं की नाही? पण नाही. बगदाद जवळ दिसू लागलं आणि जनरल टाउनशेंडची फौज नदीच्या कडेकडेने वर वर जात राहिली. बगदादच्या अलीकडे तुर्कांनी तिला थोपवलं आणि मागे हटताना ती कुट-अल-अमारा या गावात अडकली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, तब्बल १४७ दिवस वेढा! आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपल्यावर घोडे कापले. अनेक हिंदी सैनिकांनी धर्माच्या कारणाने ते मांस खायला नकार दिला आणि उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, आणि त्यातले हजारो जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराची कुठली सुरक्षा टायग्रिसच्या काठी होती, हे कुणी सांगावं?

तुम्ही म्हणाल, ते साम्राज्य इंग्रजांचं, निर्णयही त्यांचा. आपण स्वतंत्र झाल्यावर असं कसं होईल? बरोबर. म्हणूनच खरी परीक्षा श्रीलंकेची आहे, कारण तिथे सरकार आपलं होतं, निर्णय आपला होता, आणि (हे महत्त्वाचं) हितसुद्धा खरंखुरं होतं.

थोडी पार्श्वभूमी. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तामिळांविरुद्ध भयानक दंगली झाल्या. निर्वासितांचे लोंढे तामिळनाडूत आले. त्यानंतर भारताने तिथल्या तामिळ बंडखोर संघटनांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. त्यांत एलटीटीई, म्हणजे आपल्या पेपरांतली 'लिट्टे', पण होती. दुसरीकडे कोलंबोचं सरकार मदतीसाठी पाकिस्तान, इस्रायल, अमेरिका असं जगभर बघत होतं. पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमाली नावाचं बंदर आहे. जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक, आणि त्याच्या शेजारी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बांधलेल्या तेलाच्या ९९ प्रचंड टाक्या. नकाशा उघडून बघा. बंगालच्या उपसागराच्या तोंडावर असं बंदर दुसऱ्या एखाद्या आरमाराच्या हातात जाणं आपल्याला परवडणारं नव्हतं.

१९८७ च्या जूनमध्ये जाफनाची कोंडी झाली तेव्हा भारताने पाच एएन-३२ विमानांतून, मिराज विमानांच्या पहाऱ्यात, तिथे धान्य आणि औषधं टाकली. कोलंबो वरमलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. कराराला जोडून पत्रांची देवाणघेवाण झाली, आणि आपल्या विषयाचा गाभा त्या पत्रांत आहे. भारताच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने त्रिंकोमाली किंवा दुसरं कुठलं बंदर कुणाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही. टाक्या दोन्ही देशांनी मिळून दुरुस्त करून चालवायच्या. परदेशी लष्करी आणि गुप्तहेर खात्याच्या माणसांचा प्रश्न मिटवायचा. परदेशी रेडिओ केंद्रांचा वापर हेरगिरीसाठी होऊ द्यायचा नाही.

म्हणजे बघा, आपल्याला हवं होतं ते सगळं एकही गोळी न झाडता कागदावर आलं होतं!

मग फौज कशाला गेली? कारण करारात दुसरी बाजूही होती. तामिळ भागाला अधिकार मिळणार, बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, आणि हे सगळं नीट होईल याची हमी भारताने घेतली होती. सह्या झाल्या त्याच दिवसांत शांती सेना (आयपीकेएफ) रवाना झाली. नावातच शांती. दोन्ही पक्षांच्या मधे उभं राहायचं, शस्त्रं गोळा करायची, परत यायचं, इतकाच अंदाज होता. पण तामिळांच्या वतीने सही भारताने केली होती, ज्यांनी शस्त्रं टाकायची त्या एलटीटीईने नाही. आणि सिंहली जनतेत किती राग होता, ते ३० जुलैलाच दिसलं. मानवंदना स्वीकारत चालताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून फटका मारला. ती क्लिप पाहिली नसेल तर जरूर बघा. थोडक्यात वाचले.

दोन महिन्यांत सगळं फिसकटलं. एलटीटीईने थोडी शस्त्रं दिली आणि बाकीची ठेवून घेतली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या त्यांच्या बारा माणसांनी सायनाइड खाऊन जीव दिला आणि युद्धविराम संपला. १० ऑक्टोबरच्या सुमारास 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. आता शांती सेना त्याच लोकांशी लढत होती ज्यांना चार वर्षांपूर्वी आपणच तयार करायला सुरुवात केली होती.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी उतरवली. एलटीटीईचे नेते तिथेच आहेत अशी माहिती होती. पण त्यांनाही आपण येतोय हे कळलेलं होतं. गोळीबारामुळे पुढच्या फेऱ्या होऊ शकल्या नाहीत आणि शीख तुकडीचे तीसच्या तीस जवान एकटे पडले. त्यातले २९ मारले गेले, एक कैदी झाला. विद्यापीठाचं मैदान! आपल्या ग्राउंडसारखंच असेल, गोलपोस्टवालं. वाचताना मला सारखं तेच डोळ्यासमोर येत होतं.

आपल्या भागातल्या लोकांनी एक नाव तर माहीत करून घ्यायलाच हवं. मेजर रामस्वामी परमेश्वरन. जन्म मुंबईचा, शाळा आणि कॉलेज एसआयईएस, सायनचं. सेंट्रलच्या गाडीत बसून रोज आपण त्या स्टेशनांवरून जातो. १९७२ मध्ये ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि श्रीलंकेत ८ महार बटालियनमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ ला रात्री उशिरा शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. ते शांतपणे वळसा घालून हल्लेखोरांच्या पाठीमागे गेले. हातघाईची लढाई झाली. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं आणि शेवटच्या क्षणापर्यंत जवानांना सूचना देत राहिले. शांती सेनेच्या संपूर्ण मोहिमेत परमवीर चक्र एकच, ते मेजर परमेश्वरन यांचं. २०२३ मध्ये अंदमानच्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं आहे.

टीव्ही रूममध्ये इथे हमखास घोटाळा होतो. युद्धाचा हिशोब मागितला की कुणीतरी म्हणतं, "म्हणजे जवानांचं बलिदान फुकट गेलं म्हणतोस का?" अरे, नाही! मेजर परमेश्वरन यांनी त्यांच्यावर सोपवलेलं काम अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त चोख केलं. प्रश्न काम सोपवणाऱ्यांना आहे. जवानांच्या शौर्याआड ज्यांनी फाइलवर सही केली ते लपतात, हे मला तरी पटत नाही. आमच्या एनसीसीच्या बॅचमधले दोघे एसएसबीची तयारी करताहेत. त्यांना उद्या कुठे आणि कशासाठी पाठवलं जाईल हे विचारणं म्हणजे त्यांच्याबद्दल अनादर कसा?

पुढचा हिशोब असा. सुरुवातीला काही हजार गेले होते, ते वाढत वाढत चार डिव्हिजन झाले. साडेअकराशेहून जास्त जवान मृत्युमुखी पडले, तीन हजारांच्या वर जखमी झाले. तामिळ नागरिकही मोठ्या संख्येने मेले आणि ज्यांनी फुलं उधळून स्वागत केलं होतं तेच लोक पाठ फिरवू लागले. कोलंबोत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी 'तुमची फौज घेऊन जा' असं जाहीरपणे सांगितलं. इतकंच नाही, भारतीय फौजेशी लढायला त्यांच्या सरकारने एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली! ज्या सरकारच्या विनंतीवरून गेलो ते उलटलं आणि ज्या लोकांसाठी गेलो तेही. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली, ती त्रिंकोमालीहूनच. मद्रासला उतरल्यावर स्वागत समारंभाला तामिळनाडूचे मुख्यमंत्री आले नाहीत. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली. देशाची सुरक्षा वाढवायला केलेल्या मोहिमेतून देशाच्या माजी पंतप्रधानांचा खून व्हावा, यापेक्षा मोठा उलटा परिणाम कोणता?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शांती सेनेचं समर्थन करणारे म्हणतात की श्रीलंकेचे तुकडे झाले नाहीत, तामिळ भागाला प्रांतिक परिषदा मिळाल्या, आणि आपण गेलो नसतो तर दुसरं कुणी आलं असतं. पहिल्या दोन गोष्टींत तथ्य आहे. तिसरीचं उत्तर त्या पत्रांतच आहे. दुसऱ्या कुणाला येऊ न देण्याचं वचन आपल्याला लढाईच्या आधीच मिळालं होतं. लढाई झाली ती एलटीटीईची शस्त्रं काढून घ्यायला, म्हणजे श्रीलंकेच्या घरातलं भांडण मिटवायला. हित एका कागदावर आणि रक्त दुसऱ्याच कलमासाठी, असा तो प्रकार. शिवाय एलटीटीई संपली ती २००९ मध्ये, श्रीलंकेच्याच लष्कराकडून.

मग १९७१ चं काय? हा प्रश्न येणारच, आणि यायलाच पाहिजे. बांगलादेशचं युद्धही आपल्या सीमेबाहेर झालं आणि त्याने आपली सुरक्षा निश्चित वाढवली. पण फरक बघा. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले होते, म्हणजे संकट आधीच घरात शिरलं होतं. तिथल्या लोकांनी नेते निवडलेले होते, त्यांची मुक्तिवाहिनी लढत होती. जनरल माणेकशांनी घाई न करता तयारीला वेळ मागून घेतला. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला शरणागती, आणि मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत आपली फौज परतसुद्धा आली. मालदीवमध्ये ३ नोव्हेंबर १९८८ ला बंड मोडायला आपले पॅराट्रूपर उतरले तेव्हाही तसंच, काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं आणि ते काही तासांत झालं. लक्षात घ्या, त्याच महिन्यांत त्याच देशाची फौज श्रीलंकेत रुतलेली होती. फौज तीच, अधिकारी त्याच अकॅडमींतून आलेले. फरक होता तो 'काम झालं' हे कशावरून ओळखायचं, याचं उत्तर असण्यानसण्याचा. जाफनात ते उत्तर कुणाकडेच नव्हतं. कुटला होतं, बसरा हे त्याचं उत्तर होतं, पण ते ओलांडून फौज पुढे गेली.

आणि पुन्हा कुट म्हणजे इराक. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, कारण सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने ठराव केला. त्याची एक मजा म्हणजे हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत जरा मवाळ शब्द 'डिप्लोअर'! (भाषांतराचे असेही उपयोग असतात.) पण खरी कसोटी नंतर आली. उत्तर इराक सांभाळायला भारताने एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७,००० जवान द्यावेत अशी अमेरिकेची मागणी होती. दिल्लीत बऱ्याच जणांना मोह झाला होता. महासत्तेशी दोस्ती होईल, तेल मिळेल, कंत्राटं मिळतील. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय नाही. शस्त्रं शोधायला नेमलेल्या अमेरिकेच्याच पथकाने २००४ मध्ये साठे नव्हतेच असं लिहून दिलं. अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक तिथे गेले. उत्तर इराकमधलं मोसूल २०१४ मध्ये 'इसिस'च्या ताब्यात गेलं.

डोंबिवली-कल्याणमध्ये आखातात नोकरीला असलेला माणूस नाही अशी बिल्डिंग शोधून काढावी लागेल. इराकच्या भानगडीशी आपला खरा संबंध आहे तो हा, आणि गॅस-पेट्रोलचा. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा एक लाखाहून जास्त भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानाने मुंबईला आणलं. एअर इंडियाची जवळजवळ पाचशे उड्डाणं झाली. शांती सेना परत येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. लाखभर माणसं जिवंत घरी आली, ही सुरक्षा नाही तर काय? पण तिच्यावर सिनेमा निघायला पंचवीस वर्षं लागली, आणि टीव्ही रूममध्ये ती कुणाला आठवत नाही.

राहता राहिल्या त्या टाक्या. १९८७ च्या पत्रात लिहिल्याप्रमाणे त्या दोघांनी मिळून चालवायच्या होत्या. फौज तिथे होती तोवर त्यातलं काहीच झालं नाही. २००३ मध्ये इंडियन ऑइलच्या श्रीलंकेतल्या कंपनीने तिथे धंदा म्हणून पाय रोवला आणि काही टाक्या वापरात आणल्या. २०१७ मध्ये श्रीलंकेने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीला दिलं, तेव्हा पुन्हा सगळ्यांना त्रिंकोमालीची आठवण झाली. जानेवारी २०२२ मध्ये अखेर वाटणी ठरली. १४ टाक्या इंडियन ऑइलच्या कंपनीकडे, २४ श्रीलंकेच्या सरकारी तेल कंपनीकडे, आणि ६१ दोघांच्या संयुक्त कंपनीकडे, त्यात श्रीलंकेचा वाटा ५१ टक्के. त्याच वर्षी श्रीलंकेचं दिवाळं निघालं, तेव्हा भारताने इंधन, अन्न आणि कर्ज मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली.

कोलंबोजवळ शांती सेनेच्या जवानांचं स्मारक आहे. श्रीलंकेनेच बांधलेलं, २००८ मध्ये खुलं झालेलं, काळ्या दगडावर नावं कोरलेली. ५ एप्रिल २०२५ ला पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. त्याच दिवशी कोलंबोत भारत, श्रीलंका आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात त्रिंकोमालीला ऊर्जा केंद्र करण्याच्या करारावर सह्या झाल्या, आणि आमची भूमी भारताच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही, असं श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा सांगितलं.